तीनच पुड्या

माझा डोळा लागतोय. रविवारची दुपार, पोटात आईच्या हातचा मटण-भात, वर पंखा टकटक करत फिरतोय. चर्चला घातलेला ड्रेस मी बदललेला नाही, कारण पाच वाजता परत जायचंय. पाळकसाहेबांच्या हातात चिठ्ठी ठेवायला.

चिठ्ठी उशाशी गीतांच्या पुस्तकात आहे. दोनच ओळी. ‘वीटभट्टीवरचा शनिवारचा वर्ग मला यापुढे जमणार नाही. दहावीचं वर्ष आहे. आपली, शलोमी अवसरमल.’

दहावीचं वर्ष आहे, हे खरं. पण कारण ते नाही. कारण आहे केझिया उजागरे.

केझिया शाळेत माझ्याच बाकावर बसते. चर्चच्या हॉलमधला मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग तिचा. एकतीस मुलं! वर गिटार. आज सकाळी तिला सगळ्यांसमोर उत्तम शिक्षिकेची ढाल मिळाली आणि सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या, म्हणजे कुणाला संशय नको. तळहात अजून चुरचुरतायत.

आणि माझ्याकडे किती? तीन मुली. दिवाळीनंतर भट्टीवर कुटुंबं आली तेव्हा अकरा मुलं होती, ती गळत गळत तीन. पावसाळ्याआधी त्याही आईबापांबरोबर निघून जातील आणि मला कधीच कळणार नाही कुठे गेल्या. बावीस वर्षं हा वर्ग मार्थाबाई पगारेंचा होता. आमच्या चर्चच्या सेविका. मागच्या ऑगस्टमध्ये त्या वारल्या आणि मुलांना वाटायच्या फुटाण्यांची त्यांची कापडी पिशवी मी मोठ्या तोऱ्यात उचलली. मला तेव्हा नुकतंच माइकवर न अडखळता बोलता यायला लागलं होतं. वाटलं, मी गेले की भट्टीवर नुसती झुंबड उडेल.

पंख्याची टकटक लांब जाते. मी पलंगावर आहे, आणि पलंग चर्चच्या शेवटच्या बाकाइतका अरुंद आहे. शेजारी कुणीतरी बसतंय. निलगिरी तेलाचा वास.

“सरक की जरा. एवढी जागा कशाला लागते तुला?”

मार्थाबाई आहेत. निळ्या काठाची पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, मांडीवर छत्री. मला मुळीच भीती वाटत नाही. उलट राग येतो.

“बाई, तुम्ही गेलात आणि मला अडकवलंत.”

“मी अडकवलं? पिशवी कुणी ओढून घेतली गं? माझ्या कबरीवरची फुलंसुद्धा वाळली नव्हती.”

“केझियाला एकतीस मुलं आहेत.”

“हो का? छान.”

“छान काय! तिला ढाल मिळाली.”

“मग तोंड असं कारल्यासारखं का? ढाल तुझ्या डोक्यात पडली का?”

मला हसू येतं आणि मी ते दाबते. बाकाखालची फरशी मऊ लागते. खाली बघते तर राख. आम्ही भट्टीवर आहोत. कच्च्या विटांच्या रांगा उन्हात वाळतायत, आणि चर्चचं हार्मोनियम तिथेच रांगेत, विटांमधली एक असल्यासारखं.

“मी बायबलमधली वाळूवरच्या घराची गोष्ट सांगितली,” मी म्हणते. “वाळूवर बांधलं की घर पडतं. तर सोनी म्हणाली, ताई, वाळूशिवाय वीट बसतच नाही. सगळे खो खो हसले. दुसऱ्या आठवड्यात चार मुलं आलीच नाहीत.”

मार्थाबाई पदर तोंडाला लावतात. खांदे हलतायत.

“माझंही पहिल्या वर्षी हेच झालं. अगदी हेच. एक म्हातारा गवंडी मला वाळू कशी चाळायची ते शिकवायला बसला.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“शिकले. काय करणार?”

त्या चालायला लागतात, मी मागे. पेटवलेल्या भट्टीजवळ थांबतात. बाहेरून मातीने लिंपलेली, करडी, अगदी मेल्यासारखी.

“एक सांगू? कुणाला बोलू नकोस. मी रिबेकाबाईंवर जळायचे.”

“आपल्या रिबेकाबाई? चर्चमध्ये फोटो आहे त्या?”

“त्याच. त्या गावात गेल्या की अख्खं गाव गोळा व्हायचं. मी गेले की कुत्री. त्या घरी आल्या की मी त्यांच्या चहात साखर कमी घालायचे.”

“बाई!”

“मग रात्री देवाला सांगायचे, मला त्यांचा राग येतो, माझं मन साफ कर.”

“तो काय म्हणाला?”

“काही नाही. शनिवार आला, मी गेले.”

“एवढंच?”

“एवढंच. हात लाव इथे.”

मी भिंतीवर तळहात टेकवते. माती गरम आहे, आतून, खोलवरून गरम.

“लिंपल्यावर पंधरा दिवस काही दिसत नाही,” त्या म्हणतात. “मध्येच फोडून बघितलं की सगळी वीट कच्ची.”

“पण तुम्ही तर कधीच उघडलेली बघितली नाहीत. बावीस वर्षांत तुमचं एक तरी मूल परत आलं?”

हे बोलायला नको होतं. मार्थाबाई छत्रीचं टोक राखेत फिरवत राहतात.

“नाही आलं,” त्या म्हणतात. “रचायचं काम माझं होतं. उघडणारा तो आहे. आता नावं सांग तुझ्या पोरींची.”

“सोनी. लता. आणि रंजी. ती गातच नाही, धाकट्या भावाला कडेवर घेऊन नुसती बघत राहते. केझियाला तिच्या एकतीस मुलांची नावंसुद्धा येत नाहीत!”

“गप! तिच्या मुलांचं ती आणि देव बघून घेतील. रंजीला फुटाणे मिळतात ना?”

“पिशवीतून ओंजळीत देते. अर्धे सांडतात. भाऊ कडेवर असतो, एकच हात मोकळा.”

“मी पुड्या बांधायचे.”

“मला नाही येत पुडी बांधता.”

“कागद आण.”

माझ्या हातात एकच कागद आहे.

“ही चिठ्ठी आहे, बाई. पाळकसाहेबांची.”

“मागची बाजू कोरी आहे की.”

भट्टीवरच्या उन्हात त्यांची बोटं चालतात. एक कोपरा तिरका, दुसरा त्याच्यावर, टोक आत. त्या माझी मूठ मिटवतात. त्यांचे हात भट्टीसारखे गरम.

“शलोमेऽऽ! चहा गार होतोय!”

ही आई. पंखा टकटकतोय. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार. गालावर उशीची घडी उमटलीय आणि माझी उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे.

उघडते.

पुडी. कडक, तिरकी, टोक आत खोचलेलं. गीतांचं पुस्तक उशाशी उघडं पडलंय, आत चिठ्ठी नाही. झोपेत मीच केली असेल. पण मला पुडी बांधता येत नाही, घरात सगळ्यांना माहीत आहे. मागच्याच आठवड्यात आई त्यावरून हसली होती.

मी ती हळूच उलगडते. आत माझं अक्षर, ‘जमणार नाही’वरून आडवी घडी गेलेली. मग त्याच घड्यांवरून परत दुमडते. तिरका कोपरा, दुसरा त्याच्यावर, टोक आत. पुन्हा उलगडते, पुन्हा बांधते. तिसऱ्यांदा घड्यांकडे न बघता जमते.

“आई, जुना पेपर आहे का गं?”

“कशाला? आणि पाळकसाहेबांकडे जायचं होतं ना तुला?”

“नाही जायचं. तीन चौकोन कापून दे मला.”

केझियाची ढाल डोळ्यांसमोर आहेच. अजून जळतेय मी, खोटं कशाला बोलू. तेही आज देवाला सांगेन, आणि मग शनिवार येईल.

पण केझियाला पुडी बांधता येत नाही. मला पक्कं माहीत आहे.