मागूर माद्यांची पोटं

आम्ही इगतपुरीजवळ राहतो. घरामागच्या सिमेंटच्या टाक्यांत माझ्या नवऱ्याने देशी मागूर मासे पाळले होते. बोटाएवढी पिल्लं आणली तेव्हाच तो म्हणाला होता, "यांना विकायचं नाय. मोठ्या झाल्या की माद्यांची अंडी आपणच काढू."

माद्या वयात आल्या त्या उन्हाळ्यात तो रोज एखादीला ओल्या फडक्यात धरून उताणी करायचा. माशांच्या काट्यांनी त्याचे हात कायम टोचलेले असायचे. पोट फुगत चाललेलं मलाही दिसायचं, पण तो अंगठ्याने दाबून म्हणायचा, "अजून कडक हाय." पाऊस लागला आणि एका सकाळी त्याने माझाच अंगठा मादीच्या पोटावर ठेवला. मळलेल्या कणकेसारखं मऊ होतं.

"आता इंजेक्शन द्यायचं, मग अंडी काढायची. लय उशीर झाला तर तिच्या अंगातच जिरतात."

इंजेक्शन आणायला तो मोटरसायकलवर नाशिकला गेला. परत येताना हायवेवर ट्रकने त्याला उडवलं.

घर माणसांनी भरलं. मी मोठ्या दिरांना म्हणाले, "माद्या तयार आहेत. इंजेक्शन मागवा, थांबून चालणार नाही."

"सुतकात मासे धरतेस व्हय?" ते म्हणाले. रागावले नव्हते.

सुतक फिटलं तरी भेटायला येणारे थांबेनात. मी आतल्या खोलीत बसून टाक्यांवर पडणारा पाऊस ऐकायचे. शेवटी एका दुपारी पाहुण्यांमधून सासूबाईच उठल्या. "चल," म्हणाल्या, "मी फडकं धरते."

पहिल्या मादीचं पोट सैल पडलेलं होतं. दुसरीचंही. मी दाबून पाहिलं, आत अंड्यांचा एक दाणा लागला नाही.

"नीट बघ. एकीत तरी असंल."

मी साऱ्या पाहिल्या. "नाही आई. जिरली सगळी."

लेक गेला तेव्हा न रडलेल्या सासूबाई हातातली ती ओली मादी छातीशी धरून रडायला लागल्या. काटा लागेल म्हणून मी ती हळूच सोडवून पाण्यात सोडली. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाले, "पुढच्या पावसाळ्यात या पुन्हा भरतील."

"आन् तो?" त्यांनी विचारलं.

मी टाकीवर जाळी ओढून घेतली.