मुरमाचा रस्ता आणि ह्यांचा डोंगर

डॉक्टरांनी ह्यांना शुगरसाठी चालायला सांगितलं, आणि हे दोन सायकली घेऊन आले. एक स्वतःसाठी, एक मला न विचारता माझ्यासाठी. माउंटन बाईक. पुढे शॉकअप, जाड खडबडीत टायर, आणि वजन असं की दुसऱ्या मजल्यावर चढवताना दर वेळी माझ्या पोटरीला पेडल लागायचं. मी बीडच्या एका कॉलेजात गणित शिकवते, ह्यांचं औषधांचं दुकान आहे. दोघांना मोकळा असा रविवार एकच. तोही डोंगराला गेला.

बीडबाहेर पालीच्या पुढे डोंगर सुरू होतात. कारच्या मागे सायकली बांधून आम्ही पायथ्याशी जायचो. तिथून वर गुरांची वाट. वाट कसली, सुटे दगड आणि कुसळं. निम्म्याहून जास्त चढ सायकल ढकलतच जायचं. वर पोचायला दीड तास. मग हे हेल्मेटचा पट्टा आवळून म्हणायचे, "आता खरी मजा!" ती मजा दहा मिनिटांत संपायची. मी ब्रेक आवळून, दात आवळून उतरायचे. खाली आल्यावरही बराच वेळ बोटं सरळ होत नसत.

"भीती सोडली ना, की जमेल तुला," हे म्हणायचे.

मला भीती वाटत नव्हती. मला वैताग यायचा. पण वैताग आलाय असं म्हटलं तरी हे भीतीवरचाच उपाय सांगायचे.

एका रविवारी अर्ध्या उतारावर माझं पुढचं चाक दगडात अडकलं आणि मी बोरीच्या काट्यांत पडले. हे आधी सायकलचं हँडल सरळ आहे का ते बघायला धावले. मग माझ्याकडे. पुढच्या रविवारी पायथ्याशी उतरताच मी म्हणाले, "तुम्ही जा वर. मी खालीच फिरते."

पायथ्यापासून एक मुरमाचा रस्ता धरणाचं पाणी डावीकडे ठेवत शेतांतून जातो. त्या रस्त्याला लागले आणि पहिल्यांदा मला मान वर करता आली. डोंगरावर नजर पुढच्या दगडावरून हलवायची सोय नसते. डांबरी रस्त्यावर कानाशी ट्रक असतो. इथे टायरखाली मुरूम करकरत होता, बाजूला तूर उभी होती, आणि पाय आपल्या चालीने फिरत होते. चाऱ्याचा भारा घेऊन येणारी एक बाई मला पाहून थांबली.

"कावून गं बाई, जीप न्हाई मिळाली का?"

"मिळाली असती. मुद्दामच सायकलवर आलेय."

"मुद्दाम?" तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मंग लई चांगलं. पण डोक्याला फडकं बांध, ऊन हाय."

त्या दिवशी मी खूप लांब, पार एका कडुलिंबापर्यंत गेले. पण सायकल साथ देत नव्हती. पेडलवर जोर दिला की शॉकअप खाली दबायचा, निम्मा जोर त्यातच जायचा. जाड टायर रस्त्याला चिकटल्यासारखे ओढत होते. परतताना मांड्या भरून आल्या आणि मला त्या गाडीचाच राग आला.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर सायकल आमच्या नेहमीच्या मेकॅनिक चाचांकडे नेली. चाचांनी शॉकअप दोनदा दाबून पाहिला.

"मॅडम, ही गाडी पहाडाची हाय. तुमी पहाडावर जाता का?"

"नाही जात आता. मुरमाच्या रस्त्यानं जाते."

"मंग हे वजन कावून वागवता?"

शहरांत असल्या रस्त्यांसाठी वेगळी ग्रॅव्हल सायकल मिळते, हेही त्यांनीच सांगितलं. आपल्याकडे ती कुठली? मग चाचांनी शॉकअप काढून पुढचं चाक धरणारा साधा लोखंडी चिमटा बसवला आणि जरा बारीक, कमी दातांचे टायर घातले. चाचा स्वतः चक्कर मारून आले तेव्हा त्यांनाच मजा वाटत होती.

ह्यांना नाही वाटली. जिन्यात सायकल पाहून हे तसेच उभे राहिले. "चांगल्या गाडीची वाट लावलीस. विचारायचं तरी!"

"घेताना मला विचारलं होतं?"

त्यावर दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी हे स्वतःहून म्हणाले, "बघू तरी तुझा रस्ता." मला किती आनंद झाला! रविवारी दोघं त्या मुरमाच्या रस्त्याने निघालो. अर्ध्या तासात हे थांबले. "पुढे काय आहे?"

"माहीत नाही. म्हणून तर जायचं."

"नुसता रस्ताच तर आहे," हे म्हणाले आणि सायकल वळवली. मला इतकं वाईट वाटलं की भांडताही आलं नाही.

तेव्हापासून ठरलं, हे डोंगरावर, मी रस्त्यावर, कार एकच. पण ह्यांचा उतार संपला की फोन यायचा, "झालं माझं. कुठेयस?" आणि मी अर्ध्यातून मागे फिरायचे. कितीतरी रविवार मी त्याच लिंबाच्या झाडाखालून परत फिरले. पुढच्या वळणापलीकडे काय आहे ते मला बघायला मिळत नव्हतं, आणि फोनवरचा आवाज दर वेळी तितकाच खुशीत असायचा.

गेल्या महिन्यात पायथ्याशी मी कारची किल्ली ह्यांच्या हातात दिली. "तुमचं झालं की घरी जा. मी सायकलवर येईन."

"एवढ्या लांबून? बरोबर कोणी नाही?"

"हो."

लिंब मागे पडला. वळणापलीकडे दोन वस्त्या, मग उतार, आणि मग रस्ता सरळ एका नांगरलेल्या वावरात संपला. मी तिथे उभी राहून मोठ्याने हसले. विहिरीवरच्या म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "वाट चुकलीस का?"

"न्हाई बाबा. एवढंच बघायचं होतं."

त्यांनी बांधावरून पलीकडच्या गाडीवाटेला जायची पायवाट दाखवली. सायकल खांद्यावर घेऊन मी बांध ओलांडला.

घरी पोचले तेव्हा दीड वाजला होता. हे दारातच होते, फोन हातात. जेवण झाकलेलं, दोन ताटं. "काय होतं शेवटी तिथे?" त्यांनी रागानेच विचारलं.

"वावर," मी म्हणाले.

ह्यांनी वाढायला घेतलं, आणि माझ्या ताटात भाकरी जरा आपटूनच ठेवली.