साखर उतरवणारा शेजारी

आमच्या वाडीत एक गृहस्थ आहेत. त्यांच्या मते झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतोच. "सगळा ऑरगॅनिक गो काकी!" म्हणत ते भेटेल त्याची जीभ बघतात.

मी तरी कुठे शहाणी? लग्नाच्या वयात गालावरचा तीळ जावा म्हणून बिबा लावला होता. तोही ऑरगॅनिकच. गाल उतून सुजला आणि बघायला आलेल्या मंडळींना अर्धी मुलगी आणि अर्धा फणस दिसला.

परवा माझी साखर वाढल्याचं कळताच हे गृहस्थ गुळवेलीचा काढा घेऊन हजर. आधी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, काकीची चढलेली साखर खाली उतरव रे म्हाराजा!" घरातले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळे झाले. देवापुढे होकार गेल्यावर पेला नाकारायचा कसा? डॉक्टरांची गोळी चालू होतीच, वर रोज हा काढा.

चौथ्या दिवशी त्यांच्यासमोरच मला दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरले. सुनेने यंत्रावर बघितलं आणि ती ओरडली, "काका, साखर पार खाली गेली!"

गृहस्थ पांढरेफटक पडले. डब्यातलं गुळाचं खाजं त्यांनी माझ्या तोंडात कोंबलं आणि मी सावरेपर्यंत माझा हात सोडला नाही.

"आता काढो बंद," सून म्हणाली.

"बंद कित्याक? गुण इलो मा!" घाम पुसत ते म्हणाले. "उद्यापासून अर्धो पेलो."