बाबा दुकानाची पायरी चढत नव्हते

माझा जन्म रंगूनचा. बाबा मूळचे पुसदकडचे, तरुणपणी बोटीत बसून तिकडे गेलेले. तिथे त्यांचं कंदील, स्टोव्ह आणि पत्र्याच्या रंगीत ताटल्यांचं दुकान होतं. आई तिथलीच, ब्रह्मी. तिला मी अमे म्हणायची. तिच्या भाषेत आईला तसंच म्हणतात. बाबा माझ्याशी वऱ्हाडीत बोलत, अमे ब्रह्मीत, आणि ते दोघं एकमेकांशी दुकानातल्या मोडक्या हिंदुस्तानीत.

मग एका सकाळी नव्या लष्करी सरकारची माणसं आली आणि दुकानाला सील लावून गेली. आमच्या रस्त्यावरच्या सगळ्याच परदेशी माणसांच्या दुकानांना लावलं. बाबा रस्त्याच्या पलीकडे उभे राहून बघत होते. काही महिन्यांनी आम्ही तिघं बोटीत चढलो. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. रडल्याचं मला आठवत नाही. मद्रासला उतरल्याचं, आगगाडीचंही धड काही आठवत नाही. आठवतं ते यवतमाळहून पुसदला येणाऱ्या एस.टी.च्या खिडकीतून दिसलेलं काळं, नांगरलेलं रान. त्यात काहीच उगवलेलं नव्हतं.

काकांनी आम्हाला घरातली पुढची खोली दिली. काका बाबांचे धाकटे भाऊ. कापूस, तूर, ज्वारी, सगळं घरचं. काकू भली बाई होती. तिने अमेला लुगडं नेसायला शिकवलं, भाकरी थापायला बसवलं. अमेची भाकरी तव्यावर जाईपर्यंत तुटायची. काकू ती गोळा करून पुन्हा थापायची. त्या घरात तेव्हा सगळे हळू बोलायचे, आजारी माणूस घरात असल्यासारखे.

पहिल्या आठवडी बाजाराला काकांनी बाबांच्या हातात थैली दिली.

"दादा, जा, जरा पाय मोकळे होतील. कांदे आन, वांगे आन, तुले जे वाटन ते आन."

बाबा गेले आणि लवकरच परत आले. थैली रिकामी होती.

"लय गर्दी हाय," ते म्हणाले आणि बाजेवर बसले.

पुढच्या बाजारालाही तसंच झालं. गर्दीचं खरं नव्हतं. रंगूनच्या गर्दीत बाबा आयुष्यभर वावरले होते. एकदा मी त्यांच्यासोबत गेले तेव्हा पाहिलं. किराणा दुकानापर्यंत ते नीट चालत आले. आतल्या फळ्या, वर टांगलेले कंदील, तराजू दिसला आणि त्यांचे पाय पायरीशी थांबले. दुकानदाराने "या ना दादा" म्हटलं. बाबांनी मान हलवली, आणि आम्ही घरी आलो. वाटेत ते एवढंच म्हणाले, "मले नाही जमत."

मग अमेने थैली घेतली. रंगूनला ती रोज सकाळी मंडईत जायची. तिकडे विकणाऱ्या बायका आणि घेणाऱ्याही बायका. ती प्रत्येक मासोळीचा कल्ला उघडून बघायची, प्रत्येक फळाचा वास घ्यायची. पुसदलाही तिने तेच केलं. वांग्याला नख लावलं तर विकणारा ओरडला, "बाई, हात नोका लावू!" अमेने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. तिने हात मागे घेतला आणि नंतर तो लुगड्याच्या पदरातच ठेवला.

बोलायचं काम माझं होतं. "काका, कसे देले वांगे?" असं मी विचारलं की माणसं आधी दचकायची, मग हसायची. माझी वऱ्हाडी बाबांच्या लहानपणीची, खेड्यातल्या म्हाताऱ्यांसारखी. "पोरगी तं आपलीच हाय!" असं म्हणून एखादी बाई माझ्या हातावर बोर ठेवायची. मग अमेकडे बघून मलाच विचारायची, "तुह्या मायले काय पायजे?" अमे शेजारीच उभी असायची, पण तिला कोणी थेट विचारत नसे. मला त्याचं वाईट वाटलं असेल, पण तसं आठवत नाही. उन्हाने डोळे आपोआप बारीक होत एवढं आठवतं.

पावसाळा सुरू झाल्यावर एका बाजारात अमे अचानक थांबली. तांड्यावरून आलेली एक बंजारा बाई गोणपाट अंथरून पालेभाजी विकत होती. तिच्यापुढे अंबाडीचा ढीग होता. अमेने एक पान तोडून तोंडात टाकलं. मी घाबरले, आता ही बाई ओरडणार. पण ती ओरडली नाही. तिने आपणही एक पान खाल्लं आणि आंबट झाल्यासारखं तोंड केलं. अमेने तिच्या भाषेतलं अंबाडीचं नाव सांगितलं. बाईने तिच्या बोलीतलं सांगितलं. ती बोली मला येत नव्हती, आणि दोघींपैकी कोणालाच मराठी धड बोलता येत नव्हती. बराच वेळ त्या बोटांनी आणि मानेने बोलत राहिल्या. मला मध्ये पडायची गरजच राहिली नाही. मी ओल्या मातीत उभी राहून वाट पाहिली.

बाजाराच्या टोकाला सुकी मासळी मिळायची. अमेने तीही घेतली. काकूच्या चुलीवर मासळी चालत नव्हती. काकूने स्वतःच गोठ्यामागे तीन दगड मांडून दिले. "इथं करा जाऊबाई, मी नाकाले पदर लावतो," ती म्हणाली. रंगूनला व्हायचं तसं अंबाडी आणि सुकटीचं आंबट पाणी अमेने केलं. आम्ही तिघं गोठ्याजवळ बसून जेवलो. मला वाटलं आता कोणीतरी काहीतरी बोलेल.

"मीठ कमी हाय," बाबा म्हणाले.

अमेने मीठ वाढलं.

त्याच पावसाळ्यात अमेला हिवताप आला. काकू माहेरी गेलेली, काका शेतावर. डॉक्टरांनी साबुदाण्याची पेज द्यायला सांगितली आणि घरात साबुदाणा नव्हता. बाबा बराच वेळ बाजेच्या कडेला बसून राहिले. मग उठले, टोपी घातली.

"चाल माय," ते मला म्हणाले.

पावसाने रस्ता चिखलाचा झाला होता. किराणा दुकानाची पायरी बाबांनी खाली बघत चढली. मी पटकन म्हटलं, "साबुदाना पायजे, न खडीसाखर." दुकानदार साबुदाणा काढायला आत, कोठीत गेला. बाबा गल्ल्याच्या शेजारी, फळ्यांना टेकून उभे राहिले. तेवढ्यात घोंगडी पांघरलेला एक म्हातारा पायरीशी आला. त्याला बाबाच दुकानदार वाटले.

"शेटजी, एक माचिस द्या."

बाबांनी वर बघितलंसुद्धा नाही. त्यांचा हात मागे फळीकडे गेला, आगपेटी उचलली आणि म्हाताऱ्यापुढे ठेवली. मागे वळून शोधलीही नाही. अनोळखी दुकान, पण हाताला ती सापडली. मग तो हात तसाच हवेत राहिला. दुकानदार बाहेर आला आणि हसायला लागला.

"अरे वा दादा! तुमी तं पक्के दुकानदार निंगाले!"

"नाही," बाबा म्हणाले.

त्यांनी साबुदाणा घेतला, खडीसाखर मीच उचलली. त्या दिवशी पेज त्यांनीच शिजवली. अमेच्या उशाशी बसून मी तिला माचिसची गोष्ट सांगितली. तापाने तिचे ओठ फुटले होते. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "कोणता हात?"

"उजवा," मी म्हटलं. रंगूनच्या दुकानात बाबा त्याच हाताने, मागे न बघता माल काढून देत.

"बरं," ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

त्यानंतर बाबा दुकानात जाऊ लागले, म्हणजे दुकानापर्यंत. पायरीखाली रस्त्यावर उभे राहून हाक मारायचे, "साखर देजो!" आणि पुडी हातात येईपर्यंत दुकानाकडे पाठ करून राहायचे. लोकांना सवय झाली. काकांनी एकदा विचारलं, टिनाचं छोटं दुकान टाकून देऊ का. बाबांनी नको म्हटलं. पुढे त्यांना एका जिनिंगमध्ये कामाला घेतलं. तिथे कापसाच्या गाठी मोजायच्या होत्या, गिऱ्हाईक कोणी येत नव्हतं. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत गेलो. मी शाळेत जाऊ लागले. भाकरी आता अमेची तुटत नव्हती.

बाजारातली मराठी अमेला हळूहळू आली. भाज्यांची नावं, पायली, किलो, "ताजं नाही", "कमी करा". बाकीची आली नाही. त्याची तिला गरजही वाटली नसावी.

नव्या घराशेजारी एक बाई राहायची. तूर निवडायला ती आमच्या ओट्यावर येऊन बसे. एका दुपारी तिने मला विचारलं, "तुह्या मायले तिच्या देशाची आठवन येते का वं?"

मी अमेला विचारलं. अमे सुपातले खडे वेचत होती. तिने मान वर केली नाही.

"तिला विचार," ती म्हणाली, "कशाची?"

"कायची म्हनते," मी सांगितलं.

शेजारीण सूप हातात धरून विचार करत राहिली. मग ती म्हणाली, यंदा तुरीवर अळी लय पडली हाय, आणि तिने पुन्हा पाखडायला घेतलं.