हाताला हात लावल्यासारखी सही

दत्ताराम राऊळला झोप मोठी गाढ लागायची, आणि मालनला नवऱ्याच्या कुठल्याही दोषापेक्षा या झोपेचाच जास्त राग यायचा. रविवारी दुपारचं जेवण झालं की हा गडी मुलुंडच्या त्या एवढ्याशा खोलीत पंख्याखाली आडवा व्हायचा आणि लगेच घोरायला लागायचा. ती भिंतीला टेकून सुजलेल्या पायांना तेल चोळत बसायची. दोघांच्या डोक्यावर कर्ज एकच होतं. पण त्याच्या डोक्यावरचं कोर्टाने उतरवून ठेवलं होतं, आणि तिचं उतरवायला कोणी आलं नव्हतं.

झालं होतं ते असं. ब्याऐंशीचा संप लांबला, गिरणी पुन्हा सुरू व्हायची आशा सुटली, तेव्हा दत्तारामने मंडप डेकोरेशनचा धंदा काढला. खुर्च्या, कनाती, ट्यूबलाइटी, एक कर्णा. माणूस बोलका, ओळखी दांडग्या, कामं भरपूर मिळाली. पैसे मात्र मिळाले नाहीत, कारण ते मागायला याची जीभच रेटत नसे. गाववाल्याच्या मुलीचं लग्न, त्याच्यापुढे हात कसा पसरायचा? मंडळाची पोरं, तीही आपलीच. सगळं मुलुंड त्याचं घरचं होतं, परकी काय ती एक बँक.

त्या बँकेत, पाच रस्त्याजवळ, नवराबायकोचं जॉइंट खातं होतं. मालन आग्रा रोडवरच्या एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला कायम होती. पगार हातात आला की ती त्याच खात्यात भरायची. पासबुकावर दोघांची नावं जोडीने लिहिलेली होती. पोरबाळ नव्हतं, घरात नावं दोनच, आणि ती दोन्ही एका जागी छापल्यासारखी बघून तिला भारी बरं वाटलं होतं. कंपनीतल्या प्रेमाला तिने ते पासबुक मुद्दाम नेऊन दाखवलं होतं.

धंद्यासाठी बँकेने त्याच खात्यावर ओव्हरड्राफ्ट दिला, म्हणजे खात्यात नसलेले पैसेही काढायची सोय. दत्ताराम कागद घेऊन घरी आला. लाडात आला की तो मालवणीत शिरायचा.

"हयसर सही कर गो. बँकेक दोघांची लागता."

मालनने पिठाचे हात पदराला पुसले आणि सही केली. वाचायला तिला येत नव्हतं असं नाही, सातवीपर्यंत शिकलेली होती. पण सत्यनारायणाला नवरा पळीने पाणी सोडतो तेव्हा बायको नुसता त्याच्या हाताला हात लावते ना, तशीच तिला ही सही वाटली. करायचं ते त्याने करायचं, आपला नुसता हात लागलेला असला म्हणजे झालं.

दोन वर्षांत धंद्याची वाट लागली. दत्तारामने सरळ हात वर केले, कोर्टात नादारीचा अर्ज दिला, आणि कोर्टाने त्याला नादार ठरवलं. खुर्च्या-कनाती विकल्या गेल्या, त्यातून बँकेच्या वाट्याला काही फार आलं नाही. त्या दिवशी घरी येऊन तो म्हणाला, "मालन, माका आज कसा हलका वाटता." तिलाही हलकं वाटलं. वेडीच ती!

महिन्याभराने बँकेचं पत्र आलं, तिच्या एकटीच्या नावाने. ती हाफ डे टाकून मॅनेजरसमोर जाऊन बसली.

"बाई, खातं दोघांचं. नादारी एकट्याची," मॅनेजर म्हणाला. "कोर्टाने वसुली थांबवली ती त्यांच्यावरची. तुम्हाला ते लागू नाही."

"मग माझं निम्मं किती होतं ते सांगा. भरते मी."

"निम्मं असं नसतं हो यात. दोघांपैकी प्रत्येक जण पूर्ण रकमेला बांधलेला. एक सुटला की सगळं दुसऱ्यावर."

"पण खुर्च्या काय मी भाड्याने दिल्या होत्या?"

"सही आहे ना तुमची?"

पूजेत हात लावणाऱ्या बायकोला निम्मं पुण्य मिळतं म्हणतात. इथे निम्म्याची सोयच नव्हती. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, त्याने चहा मागवला आणि हप्ते पाडून दिले.

"तूपण नादारी घे ना गं, सुटशील," प्रेमाने सल्ला दिला. मालनने नकारार्थी मान हलवली. दोघंही हात वर करून बसली तर चूल कोण पेटवणार? शिवाय सही तिने केली होती, कोणी बोट धरून नव्हती करवली. हा तिचा हट्टच होता, शहाणपण नव्हे, आणि ते तिला ठाऊक होतं. मग ओव्हरटाइम सुरू झाला. बाटल्या, खोके, चिकटपट्टी. गणपतीला गावी जाणं बंद झालं, नवं लुगडं बंद झालं. दत्ताराम कुणाकुणाच्या लग्नात पुढे पुढे करायचा, जेवून यायचा, अंगाने सुटला होता. तिला त्याचा राग यायचा, आणि मग राग धरून बसायचाही कंटाळा यायचा.

एकोणनव्वद साली शेवटचा हप्ता फिटला. मालनने घरी येऊन देवापुढे पेढे ठेवले. दत्तारामने एक तोंडात टाकला आणि तिच्या शेजारी येऊन बसला.

"काय गो, आता बँकेत तुझा नाव एकदम चोख झाला ना?"

"झालं."

"आपल्या गाववाल्या धोंडूच्या ओळखीचो एक टेंपो हा. झकास चालता. माझ्या नावार कोण कर्ज देणार? तुझी नुसती एक सही..."

मालनने त्याच्याकडे नीट बघितलं. तिला ओरडायचं होतं, पण ओरडायला लागणारं बळ हप्त्यांत गेलं होतं. तिने पिशवीतून नवं कोरं पासबुक काढून त्याच्यापुढे ठेवलं.

"जुनं खातं बंद केलं आज. हे नवं. माझं एकटीचं."

"आणि माझा नाव?"

"घातलंय ना. नॉमिनी म्हणून. मी मेल्यावर यात असेल ते सगळं तुमचं. पण मी जिवंत आहे तोवर सही माझी, आणि हात लावायलासुद्धा कोणी यायचं नाही."

त्या रविवारी जेवणानंतर दत्ताराम पंख्याखाली आडवा झाला आणि बराच वेळ या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. तेलाची वाटी तशीच बाजूला ठेवून, भिंतीला टेकल्या टेकल्या मालनला कधी झोप लागली ते तिचं तिलाच कळलं नाही.