लाल पाण्यातलं कासव

चाकणला मी रबरी सीलच्या कंपनीत तपासणीला आहे. दिवसभर माल पाण्यात बुडवायचा आणि बुडबुडा येतो का ते बघायचं. त्यामुळे समुद्राखाली फोटो काढायचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा मोशीच्या घरात कुणाला नवल वाटलं नाही. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, एवढंच म्हणाल्या की कंपनीत पगार घेऊन बुडवतेस, आता पदरचे घालून स्वतः बूड.

मालवणजवळच्या एका खडकावर, प्रवाळांत, जाळ्यात अडकलेलं एक कासव मला डायव्हिंग शिकवणाऱ्या दादांनी दोन वर्षांपूर्वी सोडवलं होतं. ते जगलंय आणि तिथंच परत येतं, हे फोटोतून दिसलं तर त्या खडकावर जाळी टाकणार नाही, असं गावातल्या मच्छीमारांनी कबूल केलं होतं. कासवाच्या गालावरच्या खवल्यांची नक्षी दुसऱ्या कासवाशी जुळत नाही. सोडवताना काढलेल्या जुन्या फोटोत डावा गाल होता, म्हणून मला डावाच हवा होता.

गेल्या वर्षी दसऱ्याला जोडून रजा टाकली. निघायच्या आदल्या दिवशी कॅमेरा वॉटरप्रूफ डबीत बसवून पिंपात बुडवला. एक बुडबुडा नाही! मग खुशीत कंपनीत खंडेनवमीच्या पूजेला गेले. तिथं मशिनींना हार, हळदकुंकू, सगळं साग्रसंगीत झालं.

समुद्रात उतरले तर कासव समोरच, निवांत शेवाळ खात बसलेलं. मला पाण्यातच असं हसू फुटलं की तोंडातली नळी सुटता सुटता राहिली. कॅमेरा उचलला तर डबीत लाल पाणी. रक्त? माझं, की त्याचं? तेवढ्यात आत तरंगणाऱ्या दोन-चार अक्षता दिसल्या आणि डोक्यात प्रकाश पडला. माझ्यामागे आईंनी डबी उघडून कॅमेऱ्याचीही यथासांग पूजा केली होती! एखादी अक्षता सीलच्या खाचेत बसली असणार. अस्सा संताप आला, पण ओरडायला तोंड मोकळं नव्हतं. कासवानं मान वळवली, मी बटण दाबलं आणि कॅमेऱ्यानं राम म्हटला.

किनाऱ्यावर येऊन आधी घरी फोन लावला. कॅमेरा गेला, तुमच्या कुंकवानं गेला, असं एका दमात सुनावलं.

"आणि कासव?" आई म्हणाल्या. "जगलंय ना ते?"

माझा राग कुठल्या कुठे पळाला. वाळूत फतकल मारून मी वेड्यासारखी हसत सुटले.

कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड मात्र बचावलं होतं. फोटो लालसर आला होता, पण डावा गाल स्पष्ट होता आणि जुन्या फोटोशी तंतोतंत जुळला. मच्छीमारांनी शब्द पाळला. त्या खडकावर आता जाळी पडत नाहीत.

फोटो आमच्या देव्हाऱ्याशेजारी लावलाय. यंदा खंडेनवमीला आई कुंकू घेऊन त्याच्यापुढे उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "लावू का गं?"

मी फ्रेमच्या चारही कडा चाचपून पाहिल्या आणि म्हटलं, "लावा."