ते उपवास देवाचे नव्हते

माघातला तिसरा रविवार. देवापुढे ठेवायला पाकिटात एकशे एक रुपये. सोबत माझे यजमान आणि थोरल्या जाऊबाई. ज्योतिबाच्या डोंगरावर दर्शनाच्या रांगेत उभे होतो. आदल्या दुपारपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि याचंच आमच्या शाहूपुरीतल्या गल्लीला मोठं कौतुक. जाऊबाई रांगेतल्या अनोळखी बायकांनाही सांगत होत्या, "आमच्या धाकटीचा उपास म्हंजे उपास. देव भिईल तिला."

खरी गोष्ट मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती. मुलीच्या वेळी माझं बाळंतपण अडलं, चिमटा लावावा लागला, आणि त्यानंतर शौचावरचा माझा ताबा गेला. कळ आली की पन्नास पावलं हाताशी असत, कधी तीसही नसत. म्हणून बाहेर जायचं ठरलं की आदल्या दिवसापासून खाणं बंद. कुणी विचारलं तर उपवास. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी. एका वर्षी कॅलेंडरवर खुणा करून मोजले, तर एकशे एक्काहत्तर भरले. त्यांतला एकही देवासाठी नव्हता. पण गल्लीतल्या सुना माझ्या पाया पडू लागल्या तेव्हा मी पाय मागे घेतले नाहीत. दुखण्यापेक्षा हे जास्त टोचत असे. त्यात मुलीचं लग्न वैशाखात ठरलेलं. कन्यादानाला निदान तीन तास पाटावर बसायचं, चारशे माणसांसमोर. त्या विचाराने माझी झोप गेली होती. स्वयंपाक करताना हात चालत आणि मन तिथे पाटावर बसून घाबरत असे.

त्या दिवशी उपवासाला चालतो म्हणून जाऊबाईंनी मला तीन कप चहा पाजला. रांगेतच कळ आली. शौचालय मी येताना पाहून ठेवलं होतं, पण ते लांब होतं. अर्ध्या वाटेत सगळं संपलं. पदर मागे ओढून मी कशीबशी दारापर्यंत गेले. तिथे पैसे घ्यायला स्टुलावर साठीच्या पुढच्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मला आत ढकललं, आणि बाहेर दोन बायका थांबल्या होत्या त्यांना ओरडून सांगितलं की पाणी गेलंय, खालच्या संडासात जावा. मग दोन बादल्या पाणी आणलं, दोरीवर वाळत घातलेला स्वतःचा परकर आणून दिला, आणि माझ्या साडीचा घाण झालेला काठ स्वतःच्या हाताने चोळायला बसल्या. मी रडत नको नको म्हणत होते.

"बाळंतपणात फाटलं व्हय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी मान हलवली.

"माझं बी तसंच हुतं. डाक्तरणीनं व्यायाम शिकिवला. उपाशी ऱ्हाऊन न्हाय बरं हुईत हे."

मी म्हटलं, अशा अंगाने आता देवापुढं कशी जाऊ. त्यांनी काठ पिळला. "धुतलासा न्हवं? जावा मग. रांग वाढाय लागलीया."

मी गेले. गुलालाने लाल झालेल्या त्या गाभाऱ्यासमोर मला काही मागता आलं नाही. एवढंच म्हणाले की देवा, ते उपवास तुझे नव्हते. मावशींना देवानेच तिथे बसवलं असं मी म्हणणार नाही, त्या तिथे रोजच बसतात. पण त्या रात्री मी यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पंचवीस वर्षं?" मी म्हटलं, चोवीस. "आणि मला सांगाय नको?" एवढं बोलून ते उठले आणि सकाळी राजारामपुरीतल्या दवाखान्यात नंबर लावून आले.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. आतला स्नायू त्या वेळीच फाटलेला राहिला होता. रिकाम्या पोटी चहाने उलट पातळ होतं, हेही त्यांनी सांगितलं. वेळेवर जेवण, इसबगोल, चहा दोनच कप, जेवल्यावर कळ असो नसो शौचाला बसायचं. श्वास न रोखता खालचा भाग आवळायचा, दहा आकडे धरायचा, सोडायचा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. नाहीच भागलं तर शस्त्रक्रिया आहे, पण ती नंतर. पूर्ण बरं होईल असं त्या म्हणाल्या नाहीत. माघात आठवड्याला चार-पाच वेळा फजिती होई, चैत्र संपता ती एकावर आली. शून्यावर आली नाही.

लग्नाच्या सकाळी मी सर्वांदेखत मऊ भात आणि दही खाल्लं. जाऊबाई कडाडल्या, "कन्यादान व्हायचंय आणि तू जेवतीयास?" मी त्यांना कोठीच्या खोलीत नेलं आणि खरं सांगितलं. त्या माझ्या साडीच्या निऱ्या नीट करत म्हणाल्या, "उठावं वाटलं तर माझ्याकडं बघ नुसतं. भटजीस्नी मी बघते."

विधी चालू असताना मला एकदा उठावं लागलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. "भटजी, जरा दमानं," त्या मोठ्याने म्हणाल्या, "पोरीची आई पाणी पिऊन येतीया." मी गेले, आले, पाटावर बसले, आणि मुलीचा हात हातात घेतला. कुणी काही विचारलं नाही. शरण जाणं म्हणजे अंग आवळून देवापुढे उभं राहणं, असं मी चोवीस वर्षं समजत होते. त्या दिवशी मला नुसतं कुणाकडे तरी बघावं लागलं.

लग्नानंतरच्या रविवारी, पोटभर न्याहारी करून, साडी आणि नारळ घेऊन डोंगरावर गेले. मावशींचा परकर धुऊन, इस्त्री करून नेला होता. मावशींनी ओटी घेतली, परकर घडीवर घडी करून पिशवीत ठेवला. मग मी शौचालयात जाऊन आले, तर त्यांनी सगळ्यांपुढे करतात तसा हात पुढे केला.

"पाच रुपयं."

दिले.